मुलांचे वाचन अस्खलित झाले पाहिजे



आपले मूल शाळेत जाते, एवढ्यावर समाधान मानण्याचा काळ आता मागे पडला आहे. ज्या समाजाला शतकानुशतके पाटीपेन्सिलीला हात लावू दिला नाही, त्या समाजातील आईबापांना मुलाच्या खांद्यावर दप्तर पाहून धन्यता वाटावी, हे स्वाभाविक आहे. परंतु दप्तर म्हणजे ज्ञान नव्हे. दप्तरातील पुस्तक मूल आपण होऊन उघडते काय, उघडल्यावर ते न अडखळता वाचते काय, आणि वाचलेले त्याला उमजते काय, हे तीन प्रश्न प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाने स्वतःला विचारले पाहिजेत. त्यातील मधल्या प्रश्नाकडे आपले फारच दुर्लक्ष होते, म्हणून आज त्याविषयी लिहीत आहे.

1927 साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक विदारक हिशोब मांडला होता. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या 100 मुलांपैकी अवघी 18 चौथ्या इयत्तेपर्यंत पोचतात आणि उरलेली 82 पुन्हा निरक्षरतेच्या गर्तेत पडतात, असे त्यांनी सरकारला सुनावले. शाळेत आलेले मूल जन्मभर साक्षर राहील अशा टप्प्याला पोचल्यावाचून शाळेबाहेर पडता कामा नये, हा त्यांचा आग्रह होता. येथे त्यांनी शाळेतील हजेरी मोजली नाही. शाळेतून बाहेर पडताना मुलाच्या पदरात काय पडले, ते मोजले.

आज कायद्याने पुष्कळ वाट मोकळी केली आहे. 2009 सालचा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला आणि 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळा मिळण्याचा हक्क प्राप्त झाला. पण वर्गाच्या चार भिंतींत काय चालले आहे? 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने ग्रामीण भारतात होणाऱ्या 'असर' पाहणीचे 2024 सालचे आकडे पाहा. सरकारी शाळांतील तिसरीच्या 100 मुलांपैकी सुमारे 23 मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता आला. पाचवीच्या मुलांतही हे प्रमाण 45 च्या आतच होते. म्हणजे पाचवीत बसलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचे पुस्तक वाचवत नाही. 1927 साली मूल शाळा सोडून निरक्षर होत असे. आज ते शाळेत बसूनही अर्धसाक्षर राहते. या मुलांत आपली मुले किती आहेत, याचा शोध आपणच आपल्या घरात घेतला पाहिजे.

अस्खलित वाचन म्हणजे काय?

अस्खलित वाचन म्हणजे घाईघाईने वाचणे, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. त्याची अंगे तीन आहेत. पहिले अचूकपणा, म्हणजे जे लिहिले आहे तेच वाचणे. दुसरे गती, म्हणजे शब्द पाहताक्षणी ओळखू येणे. तिसरे लय, म्हणजे जेथे अर्थ थांबतो तेथे थांबणे आणि प्रश्न असेल तेथे प्रश्नासारखा आवाज चढविणे. तिन्ही एकत्र आली म्हणजे ऐकणाऱ्याला वाटते की मूल वाचत नाही, बोलत आहे.

गतीला एवढे महत्त्व का? साधे गणित करून पाहा. एखादे मूल मिनिटाला 15 शब्द वाचते असे समजा. बारा शब्दांचे वाक्य संपवायला त्याला 48 सेकंद लागतील. शेवटच्या शब्दापाशी येईपर्यंत पहिला शब्द त्याच्या मनातून निसटलेला असतो. मग वाक्याचा अर्थ लागावा कसा? तेच मूल मिनिटाला 60 शब्द वाचू लागले, की ते वाक्य 12 सेकंदांत संपते आणि अर्थ मनात एकसंध राहतो. अमेरिकेतील लाबर्ज आणि सॅम्युएल्स या दोन अभ्यासकांनी 1974 साली याची मीमांसा केली. माणसाचे अवधान मर्यादित असते. ते सगळे अक्षरे ओळखण्यातच खर्ची पडले तर अर्थासाठी काही उरत नाही. अक्षरओळख इतकी अंगवळणी पडली पाहिजे की तिच्याकडे लक्ष देण्याची गरजच उरू नये. सायकल शिकणारा जोवर पायडलाकडे पाहतो, तोवर त्याला रस्ता दिसत नाही, तद्वतच हे आहे.

केंद्र सरकारने 5 जुलै 2021 रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केले, त्यात याची मोजमापेच ठरवून दिली आहेत. दुसरीच्या मुलाने आपल्या वयाला योग्य असा अपरिचित उतारा मिनिटाला 45 ते 60 शब्द या गतीने, अर्थ समजून वाचावा. तिसरीच्या मुलाने किमान 60 शब्द वाचावेत. ही मोजमापे तुमच्या मुलालाही लागू आहेत. ती फक्त शिक्षकांच्या नोंदवहीत का राहावीत?

तिसरी-चौथीनंतर शाळेचे स्वरूप पालटते. तोवर मूल वाचायला शिकते. नंतर ते वाचून शिकू लागते. इतिहास, भूगोल, विज्ञान, एवढेच काय, गणितातील शाब्दिक उदाहरणेही वाचनावर उभी आहेत. पुढे जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा येते. पाचवीतील मुलाला दोन तासांत 80 प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांतील भाषेचे 20 प्रश्न उताऱ्यांवर बेतलेले असतात. बुद्धी असूनही जे मूल उतारा वेळेत वाचून संपवू शकत नाही, त्याच्यासाठी राखीव जागा असूनही नसल्यासारखीच. आरक्षणाचा हक्क आपल्याला संविधानाने दिला, पण त्या दारापर्यंत चालत जाण्याचे बळ मुलाच्या पायांत पहिली-दुसरीतच यावे लागते.

पाठांतर म्हणजे वाचन नव्हे

येथे एका भ्रमाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या घरात चार-पाच वर्षांची मुले त्रिशरण आणि पंचशील खणखणीत आवाजात म्हणतात. पाहुणे कौतुक करतात, आईबापांचा ऊर भरून येतो. मुलाच्या हाती वंदनेची पुस्तिका असते, त्याचे डोळे पानावर असतात, आणि मूल वाचते आहे असे आपल्याला वाटते. वस्तुतः ते म्हणत असते. शाळेतही हेच घडते. पहिला धडा वर्गात वीस वेळा घोकला गेला की मूल पुस्तक उलटे धरूनही तो म्हणून दाखवील! म्हणून मुलाचे वाचन पाहायचे तर त्याला न पाहिलेला मजकूर द्यावा. या पाक्षिकाचा नवा अंक घरी आला, की त्यातील एखादी सोपी बातमी त्याच्यापुढे ठेवा. खरी स्थिती दोन मिनिटांत कळेल.

याचा अर्थ पाठांतर निरुपयोगी आहे, असा नाही. जे मुखोद्गत आहे तेच वाचनाची पहिली शिडी होऊ शकते. मुलाने वंदना म्हणताना प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवावे आणि जो शब्द ओठांवर आहे त्याच शब्दावर बोट असावे, एवढा नियम करा. मग मधूनच थांबवून विचारा, "आता 'सरणं' हा शब्द कुठे आहे, दाखव." त्यातला 'स' दुसऱ्या ओळीत शोधायला सांगा. असे केल्याने पाठ असलेला ध्वनी आणि कागदावरचे अक्षर यांची गाठ बसते. मात्र ही शिडी आहे, माडी नव्हे. तिच्यावरून वर चढून अपरिचित मजकुराकडे गेलेच पाहिजे.

आपल्या लिपीतील अडचणी

मूल अडखळले की आपण त्याला 'ढ' ठरवून मोकळे होतो. परंतु ते नेमके कोठे अडखळते, हे पाहिले तर बहुतेक वेळा कारण सापडते. देवनागरी लिपी शास्त्रशुद्ध आहे खरी, पण लहान डोळ्यांना तीत काही खाचखळगे आहेत. म आणि भ, घ आणि ध, थ आणि य, ब आणि व, प आणि ष ही अक्षरे एकमेकांसारखी दिसतात. 'ख' सुटा लिहिला गेला की मूल 'रव' वाचते. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढतात, पण तिचा उच्चार नंतर होतो. 'धर्म' या शब्दात र चा उच्चार म च्या आधी, पण रफार मात्र म च्या डोक्यावर. 'क्र', 'ट्र', 'र्क' यांत एकच र तीन वेषांत येतो. अनुस्वार 'संघ' या शब्दात एक, 'वंदना'त दुसरा आणि 'आंबा'त तिसराच उच्चार घेतो. 'चहा' आणि 'चमचा' यांतील च एक नव्हेत. मोठ्यांना हे जाणवतही नाही, कारण त्यांची सवय झालेली असते.

म्हणून मूल ज्या अक्षरावर थांबते ते एका कागदावर टिपून ठेवा. आठवड्यात दिसेल की त्याची अडचण सगळ्या बाराखडीत नसून दहा-बारा ठिकाणीच आहे. तेवढ्याच अक्षरांचे शब्द रोज पाच मिनिटे वाचून घ्या. सगळी बाराखडी पुन्हा पुन्हा घोकायला लावणे हा मुलाच्या वेळेचा अपव्यय आहे.

मराठीची आणखी एक खोड म्हणजे शब्द लांबत जातात. 'विहारासमोरच्या' हा एकच शब्द आहे, पण त्यात विहार, समोर आणि च्या असे तीन भाग आहेत. अक्षर अक्षर जुळवीत जाणारे मूल येथे दमते. त्याला पेन्सिलीने हलकी रेघ मारून भाग पाडायला शिकवा. 'च्या', 'साठी', 'मध्ये', 'पासून', 'सुद्धा' ही शेपटे एकदा डोळ्यांत बसली की लांबलचक शब्दांची भीती निम्मी होते.

रोजची पंधरा मिनिटे

उपाय सोपा आहे, मात्र तो नेमाने केला पाहिजे. साठ ते शंभर शब्दांचा एक उतारा निवडा. दहा शब्दांत एकाहून अधिक शब्द अडत असतील तर तो उतारा मुलाला जड आहे, दुसरा घ्या. प्रथम मोठ्याने तुम्ही वाचा, मूल ऐकेल आणि शब्दांखालून बोट फिरवील. मग दोघांनी मिळून एका आवाजात वाचा. नंतर त्याला एकट्याला वाचू द्या. तोच उतारा दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा, तो सहज वाचता येईपर्यंत. आणि मग नवा उतारा. एकच मजकूर पुनःपुन्हा वाचण्याची ही पद्धत वर उल्लेखिलेल्या सॅम्युएल्स यांनी 1979 साली मांडली. 2000 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळानेही अनेक प्रयोगांची छाननी करून हेच म्हटले की, कोणी ऐकणारा आणि दुरुस्त करणारा जवळ असताना केलेल्या मोठ्या वाचनाने ओघ आणि आकलन दोन्ही वाढतात. मुलाला नुसते "गप्प बसून वाच" म्हटल्याने तसाच लाभ होतो, असा पुरेसा पुरावा त्या मंडळाला मिळाला नाही.

मूल अडले तर दोन-तीन सेकंद थांबा, त्याला प्रयत्न करू द्या. नाहीच जमले तर शब्द शांतपणे सांगा आणि वाक्य पहिल्यापासून वाचू द्या. रागावू नका, चापट मारू नका. वाचनाच्या वेळी मार खाणारे मूल पुस्तकाचाच द्वेष करू लागते.

पंधरवड्यातून एकदा घड्याळ लावा. न पाहिलेला उतारा एक मिनिट वाचून घ्या, वाचलेले शब्द मोजा आणि चुकलेले वजा करा. 52 शब्द वाचले व 4 चुकले तर 48 लिहा. शेवटी एकच प्रश्न विचारा, "यात काय सांगितले आहे?" उत्तर आले नाही तर आकडा मोठा असूनही वाचन झाले नाही, असे समजावे. हा आकडा मुलाच्या स्वतःच्या मागच्या आकड्याशी ताडून पाहावा. शेजारच्या मुलाशी नव्हे. गतीची शर्यत लावली की मूल ओळी गाळते, शब्द गिळते, आणि आपण शिकवायला निघालो त्याच्या उलट घडते.

"आम्हीच निरक्षर, आम्ही काय शिकविणार?"

हा प्रश्न अनेक माता विचारतात. त्यांना माझे सांगणे असे की, तुम्हाला वाचता येत नसेल, पण ऐकता येते. मुलाने रोज तुम्हाला वाचून दाखवावे आणि तुम्ही विचारावे, "मग पुढे काय झाले?" गोष्ट तुम्हाला कळली नाही तर "नीट कळले नाही, पुन्हा वाच" म्हणा. एवढ्यानेच मूल अर्थासाठी वाचू लागते. दुरुस्तीचे काम थोरल्या भावाबहिणीकडे द्यावे. सातवीतल्या ताईने दुसरीतल्या भावाबरोबर वाचले तर दोघांचेही वाचन सुधारते. वडिलांनी हे काम बायकांचे समजून बाजूला बसू नये. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते. पुढे पैशांची ओढाताण असताना मुलाला पुस्तके पुरविण्यासाठी त्यांनी लग्न झालेल्या लेकींकडे उसने मागितले, प्रसंगी लेकीचा दागिना गहाण टाकला. त्या मानाने आपल्याकडे मागितली जात आहेत ती रोजची पंधरा मिनिटेच.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आपली मुले घरी वऱ्हाडी बोलतात, मराठवाडी बोलतात, कोकणातली बोली बोलतात. पुस्तकातील 'पाणी' या शब्दाला एखादे मूल 'पानी' म्हणते. ही वाचनातील चूक नव्हे. त्याने अक्षर ओळखले, शब्द ओळखला, अर्थ जाणला आणि आपल्या आईच्या तोंडच्या उच्चाराने तो म्हटला. अशा वेळी वर्गात हशा पिकतो, आणि मूल पुढच्या वेळी हात वर करीत नाही. बोलीवरून जात हुडकण्याची ही जुनी खोड अजून पुरती गेलेली नाही. प्रमाण उच्चार मूल ऐकून ऐकून हळूहळू उचलील; पण ओघ तोडून, हसून, हिणवून तो शिकवू नये. शाळेत तसे होत असेल तर पालकांनी शिक्षकांना भेटून नम्रपणे, परंतु ठामपणे सांगावे.

तिसरी शंका इंग्रजी माध्यमाची. ऐपत नसताना अनेक कुटुंबे मुलांना इंग्रजी शाळेत घालतात. त्यामागील आकांक्षा मी जाणतो आणि इंग्रजीचे महत्त्व बाबासाहेबांच्या अनुयायांना सांगण्याची गरज नाही. परंतु जी भाषा मुलाने कधी ऐकली नाही, तिचे वाचन अर्थाशिवायचे होते. मूल कोणत्याही शाळेत असो, घरी मराठी अस्खलित वाचायला शिकवा. एका भाषेत वाचनाची गोडी लागलेले मूल दुसरी भाषा अधिक विश्वासाने हाती घेते.

पुस्तके आणि हक्क

वाचायला द्यावे काय? बाबासाहेबांचे ग्रंथ सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती दिले तर ग्रंथाचाही मान राहत नाही आणि मुलाचाही उत्साह मावळतो. त्या ग्रंथांपर्यंत पोचायचे म्हणूनच आज सोप्या गोष्टी वाचायच्या. बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य पाहता येतात. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संग्रहात 2015 पासून मराठीतल्याही चित्रगोष्टी फुकट मिळतात. घरी भ्रमणध्वनी असेलच; त्याचा एवढा तरी सदुपयोग व्हावा.

शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तके असावीत, असे शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेले आहे. पुष्कळ ठिकाणी ही पुस्तके कपाटात कुलूपबंद असतात, कारण मुलांनी ती फाडली तर हिशोब द्यावा लागेल! त्याच कायद्याच्या कलम 21 नुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांत वंचित घटकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व असते आणि समितीत निम्म्या स्त्रिया असतात. या समितीत जा. कपाट उघडायला सांगा. तिसरीच्या वर्गात किती मुले मिनिटाला 60 शब्द वाचतात, हे विचारा. हा उर्मटपणा नव्हे, हा तुमचा अधिकार आहे.

आणखी एक. पुस्तक डोळ्यांशी अगदी जवळ धरणाऱ्या मुलाचे डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून शाळकरी मुलांची तपासणी मोफत होते. सर्व प्रयत्न करूनही एखाद्या मुलाची अक्षरे जुळत नसतील तर ते आळशी आहे असे म्हणू नका. त्याला अध्ययन अक्षमता असू शकते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात तिचा समावेश आहे, आणि अशा मुलाला साहाय्य मागण्याचा हक्क आहे.

शेवटी विहारांच्या चालकांना विनंती. रविवारी वंदना संपल्यावर सतरंज्या लगेच गुंडाळू नयेत. अर्धा तास मुलांना वाचायला बसवावे. मोठ्या मुलांनी लहानांच्या शेजारी बसावे, आणि एखाद्या मुलाने सर्वांसमोर नवी गोष्ट वाचून दाखवावी. एक पत्र्याची पेटी आणि तीस-चाळीस पातळ पुस्तके एवढ्या भांडवलावर हे काम सुरू होते. जयंतीच्या वर्गणीतील थोडासा भाग त्यासाठी काढला तर मिरवणुकीची शोभा कमी होणार नाही.

धम्माने आपल्याला शिकविले की कोणी सांगितले, परंपरेने चालत आले किंवा ग्रंथात लिहिले एवढ्याने काही मानू नये. स्वतः पारखून घ्यावे. ज्याला वाचता येत नाही, त्याला पारखायचे तर दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची सक्ती आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगली. आज रात्री जेवणे उरकल्यावर दूरचित्रवाणी बंद करा, मुलाला जवळ घ्या आणि त्याला न पाहिलेले एक पान वाचायला सांगा. काय आढळते ते पाहा, आणि उद्यापासून कामाला लागा.